महिना किती दिवसांचा?

यंदाच्या तिमाही परीक्षेत पाचवीच्या गणिताच्या पेपरात प्रश्न होता : ७५ दिवस म्हणजे किती महिने व किती दिवस? अपेक्षित उत्तर होते २ महिने १५ दिवस. एका मुलाने उत्तराच्या जागी लिहिले, "कोणत्या तारखेपासून?" त्याला शून्य गुण मिळाले. पालक पेपर घेऊन आमच्याकडे आले.

आम्ही कॅलेंडर काढून बसलो. १ जुलैपासून ७५ दिवस मोजले तर जुलै-ऑगस्टचे ६२ जाऊन १३ उरतात, म्हणजे २ महिने १३ दिवस. १ फेब्रुवारीपासून मोजले तर साध्या वर्षी फेब्रुवारी-मार्चचे ५९ जाऊन १६ उरतात. तारीख बदलली की उत्तर बदलते. मुलाचे म्हणणे खरे होते.

बाईंचेही चुकले नव्हते. ३० दिवसांचा महिना ही हिशेबाच्या सोयीसाठी धरलेली गोष्ट आहे. ३६५ला १२ने भागले तर ३०.४२ येतात, एवढे आकडे कोण वागवणार? चूक प्रश्नाची होती. "महिना ३० दिवसांचा धरून" हे शब्द त्यात छापलेच नव्हते.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शाळेत जन्माष्टमी भाद्रपदात शिकवत आणि घरी आई श्रावण वद्य अष्टमी म्हणे. दोघांपैकी कोणीतरी चुकते आहे असे आम्हांला बरीच वर्षे वाटे. पुढे कळले की दिवस एकच. आपला महिना अमावास्येला संपतो आणि इंदुरातल्या आपल्या हिंदी शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. हा चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. असे बारा मिळून ३५४ दिवस होतात, वर्षाला सुमारे ११ दिवस कमी पडतात, म्हणून अधिक महिना येतो. २०२३ साली श्रावण अधिक होता, हे मुलांनाही आठवत असेल.

हा नुसता गुणांचा प्रश्न नाही. १ जुलैला घेतलेली ९० दिवसांची मुदत २९ सप्टेंबरला भरते, तीन महिन्यांची १ ऑक्टोबरला. कर्ज, ठेव, नोकरीची नोटीस, सगळीकडे हे दोन दिवस महाग पडू शकतात. आमच्या विश्वस्त मंडळींनाही विनंती आहे, की शाळेच्या कागदावर मुदत लिहिताना शेवटची तारीखच लिहावी.

त्या मुलाला आम्ही पूर्ण गुण दिले. यापुढे अशा प्रत्येक प्रश्नात महिना किती दिवसांचा धरायचा ते छापले जाईल. ज्यांनी २ महिने १५ दिवस लिहिले त्यांचे गुण अर्थातच कायम आहेत.

पालकांनी एवढेच करावे : एखाद्या संध्याकाळी भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवून मुलाला त्याच्या वाढदिवसापासून १०० दिवस मोजायला लावावे. मुठीच्या उंचवट्यांवर ३०-३१चे महिने मोजायला आजी-आजोबा शिकवतील. आणि मुलाने उलट प्रश्न विचारला तर रागावू नये. आधी कॅलेंडर पाहावे.