गाणं पाठ, माणूस अनोळखी

जुलै २०२५ च्या एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. २२ जुलैला ब्लॅक सबाथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न वयाच्या ७६ व्या वर्षी गेला. तीनच दिवसांनी, २५ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. पहिली बातमी लगेच सगळ्यांच्या स्टेटसला लागली. दुसरी फारशी कुणी शेअर केली नाही, निदान माझ्या फोनवर तरी. मला मात्र या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात.

कारण क्लासिक रॉक म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या तरुणांनी आपल्या मनाची अवस्था मोठ्या आवाजात सांगण्याचा केलेला प्रयत्न. आपल्यातल्या कुणाला हे संगीत बाबांच्या जुन्या कॅसेटमधून मिळालं, कुणाला हॉस्टेलच्या सीनिअरकडून, तर कुणाला यूट्यूबच्या ऑटोप्लेने रात्री दोन वाजता गाठलं. सबमिशनच्या आदल्या रात्री हेडफोन लावून तीच गाणी ऐकणारे आपण बरेच जण आहोत. ‘या गाण्यांनी मला सावरलं’ हे वाक्यही आपण सहज बोलून जातो. पण खरंच गाणं सावरतं का? की गाण्याच्या आसपास असलेला कुणीतरी माणूस सावरतो? या बँड्सची गोष्ट नीट वाचली, तर उत्तर थोडं अडचणीचं निघतं.

कारखान्यातलं बोट आणि एक रेकॉर्ड

ब्लॅक सबाथची चारही पोरं इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगार भागातली. आजूबाजूला कारखाने, घरात पैशांची ओढाताण. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच. आता गिटार विसर, असंच सगळ्यांचं म्हणणं पडलं.

अशा वेळी कारखान्यातला त्याचा वरिष्ठ त्याच्याकडे एक रेकॉर्ड घेऊन आला. ती होती जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची. आगीत भाजल्यामुळे जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली होती आणि उरलेल्या दोन बोटांवर तो सोलो वाजवायचा. आयोमीने ते ऐकलं आणि प्लॅस्टिकची बाटली वितळवून आपल्या बोटांसाठी टोप्या बनवल्या. बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून तो हलक्या तारा वापरू लागला, पुढे त्या सैलही करू लागला. ज्या जड, खोल आवाजाला आज जग हेवी मेटल म्हणतं, त्याच्या मुळाशी ही जखम आहे.

ही गोष्ट सहसा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यातला तो रेकॉर्ड आणणारा माणूस महत्त्वाचा वाटतो. त्याने ‘पॉझिटिव्ह राहा’ असं भाषण दिलं नाही. तो उठून आला आणि सोबत उपयोगाची एक गोष्ट घेऊन आला.

त्याच बँडचा बेसवादक गीझर बटलर याच्या वाट्याला असा माणूस आला नाही. १९७० सालच्या ‘पॅरानॉइड’ या गाण्याचे शब्द त्याचे. ते गाणं डिप्रेशनबद्दल आहे, हे त्याने स्वतः सांगितलंय. पण त्या काळी डिप्रेशन म्हणजे नेमकं काय, हे त्याच्या भोवती कुणालाच कळत नव्हतं. डॉक्टरकडे गेलं तर पबमध्ये जा, कुत्र्याला फिरवून आण, अशा छापाचे सल्ले मिळायचे. योग्य निदान व्हायला अनेक वर्षं गेली. तोवर लाखो लोक त्या गाण्यावर डोकं हलवत होते. आपल्याकडचं ‘जास्त विचार करू नकोस, सगळं ठीक होईल’ याच जातीचं आहे, नाही का?

स्टुडिओत आलेला पाहुणा

पण मला सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट पिंक फ्लॉइडची आहे. या बँडचा पहिला नायक सिड बॅरेट. १९६७ च्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी त्याची. मग तो बिघडत गेला. ड्रग्ज होते, मनाचा तोलही जात होता. तो स्टेजवर नुसता उभा राहायचा, भलतंच वाजवायचा. जानेवारी १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला जाताना गाडीत प्रश्न निघाला, सिडला घ्यायला जायचं का? नको, असं ठरलं. मीटिंग नाही, भांडण नाही. गाडी त्याच्या घरी वळलीच नाही. सिड तेव्हा नुकताच २२ वर्षांचा झाला होता. आत्ता मी आहे, तेवढाच.

पुढे १९७५ मध्ये बँडने त्याच्यावर जवळपास सव्वीस मिनिटांची रचना केली, ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’. हरवलेल्या मित्राची इतकी सुंदर आठवण रॉकमध्ये क्वचितच कुणी काढली असेल. त्या वर्षी ५ जूनला लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत याच रचनेवर काम सुरू असताना एक जाडजूड माणूस आत आला. डोकं भादरलेलं, भुवयाही काढलेल्या. बराच वेळ कुणालाच कळेना, हा कोण. तो सिड होता. कळल्यावर काही जणांना रडू आवरलं नाही.

यात बँडला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तीही विशी-बाविशीतली पोरं होती. त्यांनी सिडच्या सोलो अल्बमना मदत केली. जुन्या गाण्यांची रॉयल्टी त्याला मिळत राहील, याकडे डेव्हिड गिल्मरने लक्ष दिलं. मनाचा आजार कसा दिसतो, अशा वेळी कुणाला विचारायचं, हे सांगणारं मात्र त्यांच्याभोवती कुणी नव्हतं. म्हणून गाण्यातला मित्र त्यांना नीट दिसत होता आणि समोरचा ओळखू येत नव्हता.

गाण्यावर खटला

मोठ्या माणसांनी त्या काळात काय केलं? त्यांनी गाण्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. अमेरिकेत एका तरुणाच्या आत्महत्येनंतर ऑझीच्या एका गाण्यावर खटला झाला, तो न्यायालयाने फेटाळला. १९९० मध्ये नेवाडा राज्यात जुडास प्रीस्ट या बँडवर असाच खटला चालला. गाण्यात छुपे संदेश असल्याचा आरोप होता. निकाल बँडच्या बाजूने लागला. प्लेलिस्टवर बोट ठेवलं की घर, शाळा, दारू, एकटेपणा यांबद्दल बोलावं लागत नाही. आज गाण्याच्या जागी मोबाइल आलाय, एवढाच फरक.

आपण तरुणही दुसऱ्या टोकाला जाऊन तेच करतो. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन. १९७० आणि ७१ च्या दहा महिन्यांत तिघेही वयाच्या २७ व्या वर्षी गेले. आपण त्यांचे टी-शर्ट घालतो आणि दुःखाशिवाय कला नाही, असं मानायला लागतो. मग एखादा मित्र रात्र रात्र जागतो, जेवायचं टाळतो, विचित्र पोस्ट टाकतो, तेव्हा तो ‘डीप’ वाटतो. त्याला मदत हवी असेल, हे डोक्यात येत नाही.

आता त्या दुसऱ्या बातमीकडे या. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणारी १७ वर्षांची मुलगी गेली, तिचे वडील न्यायालयात गेले आणि त्यातून हा निकाल आला. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, हा आकडा त्या निकालात आहे. म्हणजे रोज पस्तीसहून जास्त. त्यांतल्या २,२४८ मृत्यूंमागे परीक्षेतलं अपयश हे थेट कारण नोंदवलं गेलं. याचा अर्थ साधारण सहामधला एक. उरलेल्या पाच जणांना ‘अभ्यासाचं टेन्शन असेल’ म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही.

शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समाजसेवक हवा, असं निकाल सांगतो. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलमध्ये, वेबसाइटवर ठळक लावायचे. चारचौघांत मार्कांवरून अपमान करायचा नाही. हे सगळं शाळा, कॉलेज, क्लासेस, हॉस्टेल यांना लागू आहे. वेगळा कायदा किंवा नियम होईपर्यंत ते बंधनकारकही आहे.

१९६८ च्या त्या गाडीत बसलेल्या पोरांकडे यातलं काहीच नव्हतं. आपल्याकडे निदान कागदावर तरी आहे. पण समुपदेशकाच्या केबिनचं दार बंद असेल किंवा तिथे जाणाऱ्याकडे कॉरिडॉरमधले लोक वळून बघत असतील, तर कागदाचा उपयोग शून्य. नेमणूक संस्थेने करायची. त्या दारापर्यंत सोबत जायचं काम मात्र मित्राचंच. महिनाभर लेक्चरला न दिसणारा, ग्रुपवर फक्त ‘सीन’ करणारा, पूर्वी बडबडणारा आणि आता गप्प झालेला असा एक जण प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याला गाण्याची लिंक पाठवाच. पण नंतर रूमवरही जा. ‘जेवलास का?’ इथून सुरुवात केली तरी चालेल. लेक्चर देऊ नका, ऐकून घ्या, आणि प्रकरण गंभीर वाटलं तर एकट्याने सांभाळत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि उद्या कॉलेजला गेलात की नोटीस बोर्ड बघा. समुपदेशकाचं नाव, वेळ आणि हा नंबर तिथे आहे का? नसेल, तर चार जणांनी सह्या करून प्राचार्यांना अर्ज द्या आणि त्यात निकालाची तारीख लिहा : २५ जुलै २०२५.