ऑप्शनला टाकलेला विषय

२०२० साली दहावीची परीक्षा संपत आली होती. २३ मार्चला भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. करोनाची साथ आली, पेपर आधी पुढे गेला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले गेले. त्या परिस्थितीत मंडळाने वेगळे काय करायचे होते? त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला लागले ते पालकांच्या तोंडून तेव्हा ऐकलेले वाक्य: ‘बरं झालं, भूगोलच होता; गणित असतं तर पंचाईत होती.’

सामाजिक शास्त्रांविषयी आपले मत काय आहे, ते या एका वाक्यात आले. सहापैकी उत्तम पाच विषयांवर टक्केवारी काढण्याची ‘बेस्ट फाइव्ह’ पद्धत २०१० पासून आली आणि सहावा विषय कोणता ठेवायचा हे कित्येक घरांत जूनमध्येच ठरू लागले. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पाठ्यपुस्तके नव्याने लिहिली जात आहेत. म्हणून या विषयावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना उत्तर देण्याची वेळ हीच आहे.

पहिला आक्षेप जुनाच आहे: हा पाठांतराचा विषय. असे म्हणणाऱ्यांनी २०१८ मध्ये आलेले दहावीचे पुस्तक एकदा उघडावे. इतिहासाची सुरुवात सनावळीने होत नाही, ‘इतिहास लिहितात कसा’ या प्रश्नाने होते. भूगोलाच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. नकाशा, आलेख, तक्ता वाचल्याशिवाय ही तुलना करताच येत नाही. मग मुले पाठ का करतात? जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा आणि गाईडमधल्या टिपा, एवढ्यावर गुण मिळतात म्हणून. बीजगणिताची गणितेही मुले घोकून सोडवतात, पण त्यावरून बीजगणित हा पाठांतराचा विषय आहे असे कोणी म्हणत नाही. दोष प्रश्नपत्रिकेचा आहे आणि शिक्षा मात्र विषयाला होते आहे.

दुसरा आक्षेप नवा आहे: सगळी माहिती मोबाइलवर मिळते, मग शिकवायचे कशाला? माहिती मिळते हे खरे. ती खरी की खोटी, हे कसे ओळखायचे? शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष अनेक दशके १६२७ मानले जात होते. मग जेधे घराण्याकडची शकावली उजेडात आली, लोकमान्य टिळकांनी ती अभ्यासकांपुढे ठेवली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. ती लगेच कोणी डोक्यावर घेतली नाही. लिहिणारा कोण, नोंद किती जवळच्या काळातली, दुसरी साधने काय म्हणतात, हे सगळे पाहिले गेले. परमानंदाच्या शिवभारताशी ती जुळली. वाद कैक वर्षे चालला आणि २००१ मध्ये राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. तारीख मोबाइलवर दोन सेकंदांत सापडते. तिच्यामागची ही झाडाझडती पंधराव्या वर्षी एकदा तरी हाताखालून गेली पाहिजे, म्हणजे रात्री अकराला आलेला, ना तारीख ना आधार असा संदेश पुढे ढकलताना अंगठा थबकतो.

तिसरा आक्षेप पालकांचा आणि सर्वांत मनापासूनचा: याने पोट भरत नाही. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये जाऊन पाहा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पंचविशीतली मुले बालभारतीची पाचवी ते दहावीची पुस्तके पुन्हा विकत घेऊन अधोरेखित करत बसलेली दिसतील. पण हे उत्तर मला स्वतःलाच पुरेसे वाटत नाही. सगळेच काही अधिकारी होणार नाहीत. ज्याला आयटीआय करून वर्कशॉपमध्ये जायचे आहे, त्याला या विषयाचे काय?

कोयनेचे उदाहरण घेते. महाबळेश्वरला वर्षाला ६०० सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याचा सातवा-आठवा हिस्सा. ‘भौगोलिक कारणे लिहा’ असा प्रश्न येतो, मुले ‘पर्जन्यछाया’ लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. खरा धडा तर इथून पुढे सुरू होतो. त्याच सह्याद्रीत कोयना अडवून सुमारे १०५ टीएमसीचे धरण झाले. पूर्वेला वाहणाऱ्या नदीचे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला उतरवले. त्यावर वीज तयार होते आणि ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. खालच्या राज्यांनी हक्क सांगितला, तेव्हा कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे सोडायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. आणि ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा लढा पुढे कित्येक दशके चालू राहिला. यात भूगोल कुठे संपतो आणि राज्यशास्त्र कुठे सुरू होते? वर्कशॉपमधले यंत्र विजेवर चालते. ती वीज कोणाच्या शेतावरून आली, हे चालवणाऱ्याला माहीत असायला हवे.

ठाणे जिल्ह्यातल्या शाळेत हा भाग शिकवताना एका मुलाने हात वर केला. ‘बाई, आमच्या आजोबांचं गाव त्या धरणात गेलंय. पत्र्याच्या पेटीत कागद आहेत त्यांचे. हे पुस्तकात का नाही?’ बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, भाग संपवायचा होता. मी म्हणाले, नंतर बोलू. ते ‘नंतर’ कधी आलेच नाही.

चौथा आक्षेप सहसा उघड बोलला जात नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत हळू आवाजात सांगितले जाते: वाद होतील असे काही वर्गात काढू नका. ही भीती मला समजते. पण मुले हे वाद पारावर, रिक्षात, मोबाइलवर ऐकतच असतात. तिथे ‘पुरावा काय?’ असे विचारणारे मोठे माणूस नसते. वर्गात ते असते. तेही गप्प बसले तर वाद थांबत नाहीत, फक्त वाद घालायची रीत शिकवणारे कोणी उरत नाही.

आणि यासाठी वेळ फार थोडा आहे. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आले. विज्ञान किंवा आयटीआयला जाणाऱ्या बहुतेक मुलांचा या विषयांशी संबंध सोळाव्या वर्षी सुटतो. दोन वर्षांनी त्यांच्या बोटाला शाई लागते. संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, चळवळी हे पाठ त्यांच्या आयुष्यात पुन्हा येणार नाहीत. त्या पाठांना इतिहासाच्या शेपटाशी जोडून उरलेल्या तासिकांत उरकणे मला अक्षम्य वाटते.

म्हणून नवे पुस्तक लिहिणाऱ्यांनी पाने वाढवू नयेत. प्रश्नपत्रिका बदलावी. कधीही न पाहिलेला एक नकाशा, एक तक्ता, एक जुने पत्र समोर ठेवावे आणि पुस्तक उघडे ठेवून उत्तर लिहू द्यावे. क्षेत्रभेटीचा पाठ शिकवू नये, मुलांना न्यावे; लांब जायला नको, गावची ग्रामसभा पुरे. आणि जे वीस अंतर्गत गुण आज सरसकट वाटले जातात, त्यांतले दहा एका कामासाठी राखावेत: प्रत्येक मुलाने घरातला एक कागद आणावा. सातबारा, रेशनकार्ड, गिरणीची पगारचिठ्ठी, काहीही. तो कोणी दिला, केव्हा, कशासाठी, आणि त्यात काय लिहिलेले नाही, हे वर्गासमोर सांगावे. असे गुण तेव्हा असते, तर पत्र्याच्या पेटीतले ते कागद माझ्या वर्गात आले असते.