टक्के किती, यापेक्षा वर्षे किती?

(बी. कॉम., दुसरे वर्ष)

विज्ञान शाखेच्या विषयात वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. परंतु जी वस्तू उद्या बाजारात येणार, कर्ज काढून विकत घेतली जाणार आणि जिचे हप्ते घरातला कोणीतरी भरणार, तिच्याबद्दल जमाखर्च मांडणाऱ्यालाही दोन शब्द बोलण्याचा हक्क आहे. ही वस्तू म्हणजे पेरोव्हस्काइटचा सौरघट.

पेरोव्हस्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव. १८३९ साली उरल पर्वतातून आलेल्या या खनिजाला गुस्ताव रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने पेरोव्हस्की या रशियन अधिकाऱ्याचे नाव दिले. तशीच अणुरचना असलेले पदार्थ आता प्रयोगशाळेत तयार करतात आणि त्यांच्यापासून सूर्यप्रकाशाची वीज बनवतात. २००९ मध्ये जपानमधील मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा पहिला घट प्रसिद्ध केला, तेव्हा त्याची कार्यक्षमता अवघी ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतील लहान घटाने २६ टक्क्यांचा पल्ला ओलांडला आहे. १९५४ साली बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनच्या घटाने ६ टक्क्यांपासून सुरुवात केली, आणि २५ टक्के गाठायला त्याला चार दशकांहून अधिक काळ लागला. शिवाय सिलिकॉन वितळवायला १४०० अंशांहून जास्त उष्णता लागते. पेरोव्हस्काइटचा थर मात्र द्रावण पसरून शंभर-दीडशे अंशांवर तयार होतो आणि त्याची जाडी एक मायक्रॉनच्या आसपास असते. म्हणजे स्वस्त, पातळ आणि हुशार! आखूडशिंगी बहुदुधी म्हणतात ती गाय हीच, असे कोणालाही वाटेल.

पण या गाईला आयुष्य कमी आहे. दमट हवा, उष्णता आणि खुद्द सूर्यप्रकाश या तिन्हींनी हा पदार्थ खराब होतो. या दुखण्यावर शास्त्रज्ञांनी जे उपाय योजले, त्यांत डोपिंग हा प्रमुख. डोपिंग म्हणजे मूळ पदार्थात दुसरे काहीतरी जाणूनबुजून, मोजून, किंचित मिसळणे. भेसळ आणि डोपिंग यांत फरक आहे तो हेतूचा आणि मापाचा. दुधात पाणी घातले तर भेसळ. चमचाभर दही घातले तर आपण त्याला विरजण म्हणतो, आणि आमच्या कन्नड विभागातले मित्र हेप्पु म्हणतात. विरजण कमी पडले तर दही लागत नाही, जास्त झाले तर आंबते. डोपिंगचेही तसेच आहे.

याची दोन उदाहरणे देतो. पहिले सिझियमचे. उत्तम प्रकाश शोषणारे एक पेरोव्हस्काइट काळे असते, पण साध्या तापमानाला ते हळूहळू पिवळे आणि निरुपयोगी रूप घेते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०१६ मध्ये त्याच्या मिश्रणात थोडे सिझियम घातले. त्यामुळे काळे रूप टिकू लागले, स्फटिक एकसारखे बनू लागले आणि कार्यक्षमता २१.१ टक्के झाली. येथे डोपिंगने टक्काही वाढवला आणि टिकाऊपणाही.

दुसरे उदाहरण उलटे आहे. घटातील धन प्रभार बाहेर नेण्यासाठी स्पायरो-ओमेटॅड नावाच्या पदार्थाचा थर देतात. तो स्वतः वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून त्यात लिथियमचे क्षार मिसळतात. कार्यक्षमता झपाट्याने वाढते. परंतु पावसाळ्यात मिठाला पाणी सुटावे, तसे हे क्षार हवेतली ओल शोषून घेतात, आणि ओल म्हणजे तर पेरोव्हस्काइटचा शत्रू! टक्का वाढवणारा पाहुणाच घरात चोराला वाट दाखवतो.

माझा मुद्दा येथे आहे. या दोन्ही डोपिंगना आपण सारखीच शाबासकी देतो, कारण बातमी छापली जाते ती टक्क्यांची. वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षीच शिकवतात की यंत्राची किंमत म्हणजे केवळ खरेदीची रक्कम नव्हे. त्याचे आयुष्य आणि घसाराही पाहावा लागतो. बाजारातल्या सिलिकॉनच्या पॅनेलला उत्पादक साधारणपणे पंचवीस वर्षांची हमी देतात. समजा, एक पॅनेल २० टक्क्यांचे आहे आणि २५ वर्षे चालते. दुसरे २६ टक्क्यांचे आहे, पण ५ वर्षेच चालते. घसरण बाजूला ठेवून गुणाकार केला, तर पहिल्याचे ५००, दुसऱ्याचे १३०. वरच्या लोझानच्या घटाची कार्यक्षमता २५० तासांनंतर १८ टक्के राहिली, आणि ती त्या काळी मोठी मजल मानली गेली. २५० तास म्हणजे सुमारे साडेदहा दिवस. त्यानंतर हजारो तासांच्या चाचण्यांचे निकाल आले आहेत, हे खरे. तरीही छपरावरची पंचवीस वर्षे आणि प्रयोगशाळेतले तास यांत अजून मोठे अंतर आहे. नव्याचे नऊ दिवस हा हिशेब येथे चालणार नाही.

यावर कोणी म्हणेल, माल स्वस्त असेल तर पाच वर्षांनी बदलावा, त्यात काय बिघडले? बिघडते ते असे, की छपरावरचा सांगाडा, तारा, मजुरी आणि इन्व्हर्टर यांचा खर्च पॅनेलइतका स्वस्त होत नाही. शिवाय यात शिसे असते. दर पाच वर्षांनी उतरवलेली पॅनेले टाकायची कोठे, याचा खर्च कोणाच्या खाती लिहायचा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सिलिकॉनच्या घटावर पेरोव्हस्काइटचा थर देऊन जोडघट करतात. चीनच्या लाँगी कंपनीने २०२५ मध्ये अशा घटाची ३४.८५ टक्के कार्यक्षमता जाहीर केली; एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादाच २९.४ टक्क्यांच्या आसपास आहे. ब्रिटनच्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने २०२४ मध्ये अशी पॅनेले ग्राहकाकडे रवानाही केली. हे यश मला मान्य आहे. पण असे दोन घट बहुधा एकसर जोडलेले असतात, आणि एकसर जोडणीत दुबळ्या घटाएवढाच प्रवाह वाहतो. भागीदारीच्या पेढीत एक भागीदार बुडाला की दुसऱ्याच्या घरावरही जप्ती येते, तशीच ही गत. येथे टिकाऊपणाची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

म्हणून मला असे वाटते की प्रत्येक नव्या डोपिंगच्या दाव्याबरोबर टक्क्यांच्या शेजारी आयुष्याचाही रकाना असावा: घट किती तास चालला, किती उष्णतेत, किती दमट हवेत. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता यांत १००० तास ठेवण्याची चाचणी सिलिकॉनच्या पॅनेलांना द्यावीच लागते. नव्या पाहुण्यालाही तीच परीक्षा असावी, सवलतीचे गुण नकोत. बेळगावच्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ओलीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू केली आणि तीन किलोवॅटसाठी ७८,००० रुपयांचे अनुदान जाहीर केले. उरलेली रक्कम अनेक घरे कर्जाने उभी करतात. मध्यमवर्गीय माणसाला विक्रमाशी कर्तव्य नसते. कर्ज फिटेपर्यंत आणि फिटल्यावरही ते पॅनेल छपरावर वीज देत राहावे, एवढीच त्याची अपेक्षा असते. पेरोव्हस्काइटवर माझा विश्वास आहे. म्हणूनच त्याचा ताळेबंद आज दोन्ही बाजूंनी लिहिला जावा, असा आग्रह आहे.