गाण्याला यजमान हवा

"फुकटचे औषध आणि फुकटचे गाणे, दोहोंचाही गुण येत नाही," असे एक सुभाषित आमच्या मलकापुरात फार ऐकू येते. गावात वर्षातून एक रात्र चांगल्या गवयाची मैफल व्हावी आणि ती सर्वांना मोकळी असावी, असा विषय निघाला रे निघाला, की कोणी तरी जाणता गृहस्थ हे वाक्य टाकतो, बाकीचे माना डोलावतात, चहा येतो आणि विषय संपतो. मी पडलो शाळामास्तर; फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. गाण्यातले मला ऐकण्यापुरतेच कळते. पण हे सुभाषित खोटे आहे आणि त्यापायी आमच्या पोरांचे नुकसान होत आहे, एवढे सांगायला गवई कशाला व्हायला हवे?

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा मीच आधी पुढे ठेवतो. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल नावाच्या लहानशा गावी, एका दूधदुभत्याचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्याच्या रानात मोठा संगीतोत्सव भरला. वुडस्टॉक या नावाने तो जगभर गाजला. तिन्ही दिवसांचे मिळून १८ डॉलरचे तिकीट आगाऊ विकले होते. पण कुंपण पुरे होण्यापूर्वीच लोक लोटले आणि चालकांनी हात टेकून उत्सव मोफत जाहीर केला. चार लाखांवर माणूस जमला. पहिल्याच रात्री, १५ ऑगस्टला, पंडित रविशंकर तेथे सतार घेऊन बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ. वर पाऊस, खाली चिखल आणि समोर नशेत झिंगलेली तरुण मंडळी! तो समुदाय पाहून आपल्याला चिखलात बसलेल्या म्हशींची आठवण झाली, असे रविशंकरांनी पुढे सांगितले. याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ साली, कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथे ते वाजवायला बसले होते. तेथे तिकीट होते, आणि श्रोत्यांनी जीव लावून ऐकले होते.

"मग झाले तर!" आमचे जाणते गृहस्थ म्हणतील. "तिकीट असले की श्रोता, नसले की म्हैस!"

जरा थांबा. बेथेलला मोफत गाणे कोणी दिले होते? कोणीच नाही. ते लोकांनी घेतले होते. दार उघडे राहिले ते मोडले म्हणून. कोणी पाहुण्यांसाठी उघडून ठेवले म्हणून नव्हे. लग्नात सगळे पाहुणे फुकटच जेवतात. म्हणून कोणी पंगतीला लूट म्हणत नाही. कारण दारात यजमान उभा असतो. कोणाला कोठे बसवायचे, काय वाढायचे, हे तो पाहतो, आणि त्याच्या डोळ्यांची भीड पाहुण्यालाही असते. गाण्याचे नेमके तेच आहे. बिघडते ते तिकीट नसल्याने बिघडत नाही, यजमान नसल्याने बिघडते.

पुरावा हवा? पंजाबात जालंदरला देवी तलावाच्या काठी १८७५ पासून हरवल्लभ संगीत संमेलन भरत आले आहे. डिसेंबरची ती पंजाबी थंडी, अंगावर घोंगड्या, आणि श्रोत्यांना दार मोकळे! आणि त्या मेळ्यात कोण गेले होते? आमच्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर. मिरजेहून निघून हा दृष्टी अधू झालेला तरुण गात गात उत्तरेकडे गेला, आणि १९०१ साली त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ते लाहोर आज परदेशात आहे. तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचा पायंडा पाडणाऱ्यांत हेच विष्णुबुवा अग्रणी होते. राजाच्या मर्जीवर जगणाऱ्या गवयाला त्या तिकिटाने ताठ मान दिली. त्या तिकिटाला माझा नमस्कार आहे. पण ज्याने तिकीट आणले, त्याला मोकळ्या दाराच्या मेळ्यात गाण्याचा कमीपणा वाटला नाही, हेही लक्षात असू द्या.

दुसरे उदाहरण घ्या. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ पासून महोत्सव होतो. तो तिकीट लावून होतो आणि ते योग्यच आहे. पुण्याच्या माणसाला गाण्याची चव आहे, तो तिच्यासाठी खिशात हात घालतो. पण त्याच सवाई गंधर्वांच्या गावी, कुंदगोळला, नाडगीरांच्या वाड्यात रात्रभर गाणे चालते आणि दार मोकळे असते. गुरू एकच, शहरात तिकीट, गावात खुले दार. ज्याने पदार्थ कधी चाखलाच नाही, त्याच्याकडे आधी किंमत मागणे हा व्यापारही नव्हे आणि शहाणपणही नव्हे.

येथे कोणी मिरजेचा दाखला देईल. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, आणि उरुसात मोठमोठे कलावंत तेथे बिदागी न घेता हजेरी लावतात. "मग आमच्याकडेही त्यांनी सेवा म्हणून यावे!" खबरदार! ती हजेरी खाँसाहेबांना आहे, तुम्हांआम्हांला नाही. श्रोत्याला गाणे मोफत याचा अर्थ गवयाने उपाशी गावे असा होत नाही. एका गावी कार्यक्रम आटोपल्यावर शाल आणि नारळ काखेत घेऊन, गाडीभाड्याच्या पैशांसाठी मध्यरात्री फलाटावर कार्यवाहांची वाट पाहत बसलेला तबलजी मी डोळ्यांनी पाहिला आहे. त्या गावाचे नाव घेत नाही. लाज सगळ्या गावांची सारखीच आहे.

आणि यजमानपण शिकायला आपल्याला जालंदरला जाण्याचीही गरज नाही. आमच्याच जिल्ह्यातले शेगाव रेल्वेने घटकाभराच्या अंतरावर आहे. श्री गजानन महाराजांच्या संस्थानात हजारो माणसे विनामूल्य महाप्रसाद घेतात. तेथे कोणी ढकलाढकली करतो? कोणी ताटात टाकतो? सेवेकरी हात जोडून उभा असतो, त्यामुळे उद्धट माणूसही खाली मान घालून जेवतो. कीर्तनाचे पाहा. महाराष्ट्रात कीर्तनाला तिकीट कोणी कधी लावले? बुवांची बिदागी गाव देते आणि शेवटच्या रांगेतली म्हातारीही पूर्वरंगापासून आरतीपर्यंत हलत नाही.

"पण पैसा कोठून आणायचा?" हा प्रश्न विचारणाऱ्यांनी दर वर्षी मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांचे भाडे कोण देतो, ते आधी सांगावे. कमानींचे, फलकांचे, फलकांवरील हसऱ्या चेहऱ्यांचे पैसे कोठून येतात? काचा हादरवायला वर्गणी मिळते, मग कान तयार करायला का मिळू नये? मी वर्गात विचारले होते, तंबोरा प्रत्यक्ष कोणी पाहिला आहे? दोन हात वर झाले. त्यांतल्या एकाने तो चित्रात पाहिला होता. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे हे गाव. मोठमोठे गवई आमच्या फलाटावरून रात्री झोपेत निघून जातात आणि आमच्या पोरांना त्यांचा आवाज फक्त यंत्रातून ऐकू येतो.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. कापसाची पहिली वेचणी उरकली, थंडी पडली, की एक रात्र ठरवावी. दुकानदारांनी, अडत्यांनी, नोकरदारांनी आणि आम्हा मास्तरांनी ऐपतीप्रमाणे वर्गणी द्यावी. गवयाची, तबलजीची, पेटीवाल्याची बिदागी आणि गाडीभाडे ते गादीवर बसण्यापूर्वी त्यांच्या हाती पडावे. पुढे कोचे मांडू नयेत. सतरंजीवर जो आधी येईल तो पुढे बसेल, मग तो हमाल असो की पुढारी. भाषण एकही नको. सत्कारही नको. आणि दारात गावातली चार वडीलधारी माणसे हात जोडून उभी राहावीत.

वाचकहो, फराळाच्या निमित्ताने या आठवड्यात चार घरची माणसे एकत्र बसतीलच. चिवडा संपण्यापूर्वी एवढा विषय काढा. कोणी ते सुभाषित ऐकवलेच, तर त्याला एकच विचारा : "आपण दारात उभे राहणार का?"