'जाऊ दे' म्हणण्याआधी

अॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीला किंवा रिक्षाला अपघात झाला आणि आत बसलेल्या आपल्या माणसाला लागले, तर घरात पहिला शब्द निघतो, 'अलहम्दुलिल्लाह, जीव वाचला.' दुसरा शब्द असतो, 'जाऊ दे.' पहिला शब्द योग्यच आहे. दुसऱ्याबद्दल या महिन्यात वाचकांशी थोडे बोलायचे आहे.

'जाऊ दे' म्हणण्यामागे वाईट हेतू नसतो. चालक गरीब असतो, पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. गाडी कर्जाची असते. त्याच्या पोटावर पाय कशाला, असे घरातले वडीलधारे म्हणतात. शिवाय पोलीस, वकील, कोर्टाच्या पायऱ्या यांची धास्ती असतेच. म्हणून आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. प्रवाशाची भरपाई बहुतेक वेळा चालकाच्या खिशातून द्यायची नसते. प्रत्येक गाडीचा विमा सक्तीचा आहे, तो नेमका यासाठीच. गाडीचा विमा, परवाना आणि चालकाचे लायसन्स धड असेल, तर पैसे विमा कंपनी देते. आपण हक्क सोडला, तर त्यात चालकाचा फायदा फारसा नसतो. वाचतात ते विमा कंपनीचे पैसे.

एक उदाहरण घेऊ. समजा, मुंब्र्यात घरी शिवणकाम करणारी एक भगिनी अॅपच्या रिक्षाने बहिणीकडे निघाली. रिक्षा आणि टेम्पोची टक्कर झाली आणि तिचे उजवे मनगट मोडले. रिक्षावाला म्हणतो टेम्पोची चूक, टेम्पोवाला म्हणतो रिक्षाची. या भांडणात तिने पडण्याचे कारण नाही. मागे बसलेल्या प्रवाशाच्या हातात ना हँडल असते, ना ब्रेक. दोन चालकांच्या मिळून झालेल्या चुकीत प्रवासी जखमी झाला, तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेन्येई खटल्यात स्पष्ट केले आहे. दोघांचा वाटा किती, ते त्यांचे त्यांनी नंतर पाहावे. अर्ज करताना मात्र दोन्ही गाड्यांचे मालक, चालक आणि विमा कंपन्या यांची नावे घालावीत.

आता पहिल्या दिवसाचे काम. ११२ किंवा १०८ ला फोन करावा. मे २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची योजना लागू आहे. तीत नेमलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. दाखल करतानाच या योजनेबद्दल विचारावे. केसपेपरवर 'अॅपच्या रिक्षातून जाताना अपघात' हे शब्द आणि गाडीचा नंबर लिहून घ्यावा. 'घरी पडली' असे कोणीतरी घाईत सांगते, तसेच लिहिले जाते आणि पुढे तीच ओळ आडवी येते.

नावाचीही काळजी घ्यावी. आपल्याकडे एकाच बाईचे नाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि बँकेत तिसरेच असते. कुठे माहेरचे आडनाव, कुठे 'बी', कुठे 'बेगम'. रुग्णालयात आधारवरचेच नाव सांगावे.

मोबाइलमधली फेरीची नोंद हा मोठा पुरावा आहे. चालकाचे नाव, गाडीचा नंबर, निघाल्याची वेळ, मार्ग आणि बिल यांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावेत. फेरी भावाच्या किंवा मुलाच्या फोनवरून बुक केली असेल, तर त्याच्या फोनमधून घ्यावेत. अॅपच्या मदत विभागात अपघाताची तक्रार लेखी नोंदवावी आणि फेरीसोबत प्रवासी विमा होता का, ते विचारावे. असल्यास तो वेगळा मागता येतो.

पोलिसांत फिर्याद दिली की चालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे खरे आहे. ते लपवून आम्ही सल्ला देणार नाही. पण फिर्याद म्हणजे सूड नव्हे. जे घडले आणि जे आपण पाहिले, तेवढेच सांगावे. त्यात भर घालू नये आणि दयेपोटी काही लपवूही नये. अपघाताची माहिती मिळाल्यावर पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्याची प्रत मागून घ्यावी.

रुग्णालयाच्या दारात कोणी दहा-वीस हजार रुपये पुढे करून 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागेल, तर सही करू नये. माणुसकी म्हणून कोणी औषधपाण्याला मदत केली, तर ती घेण्यात गैर नाही. पण 'तक्रार नाही' हा कागद विमा कंपनी पुढे आपल्याच विरुद्ध समोर ठेवते. मनगट आठवड्यात बरे होईल की दोन ऑपरेशने लागतील, हे त्या दिवशी डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

भरपाईचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार कोणाचीही चूक सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळते: मृत्यू झाल्यास पाच लाख आणि गंभीर दुखापत असल्यास अडीच लाख रुपये. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. दुसरा मार्ग कलम १६६ चा. त्यात चूक दाखवावी लागते, वेळही लागतो, पण रकमेला अशी ठरावीक मर्यादा नाही. मात्र विमा कंपनीशी तडजोड करून कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली, की कलम १६६ चा दावा संपतो. म्हणून कंपनीचा माणूस चेक घेऊन घरी आला, तर तो कोणत्या कलमाचा आहे हे वकिलाला दाखवल्याशिवाय घेऊ नये.

कलम १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असे नाही. जखमी व्यक्ती राहते तिथेही करता येतो. पुण्यात अपघात झालेल्या सोलापूरच्या कुटुंबाने तारखेला पुण्याच्या खेपा घालायची गरज नाही.

रक्कम ठरवताना फक्त दवाखान्याची बिले पाहत नाहीत. बुडालेली कमाई, पुढचे उपचार, सोसलेल्या वेदना आणि कायमचे अपंगत्व हे सगळे धरले जाते. अपंगत्वाचा टक्का म्हणजेच कमाईतला तोटा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात समजावले आहे. हात गमावलेल्या सुताराचे नुकसान आणि कारकुनाचे नुकसान सारखे नसते. आपल्या उदाहरणातल्या भगिनीने म्हणूनच शिवणाच्या वह्या, गिऱ्हाइकांचे मोबाइलवरचे हिशेब, मशीनची पावती असे सगळे जपावे. 'मी काही कमवत नाही, घरीच असते' असे गृहिणीनेही म्हणू नये. गृहिणीच्या कामालाही पैशात मोल आहे आणि भरपाईत ते धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात पुन्हा सांगितले.

एक धोका आधीच ओळखावा. अॅपवर बोलावलेल्या गाडीची किंवा दुचाकीची नंबरप्लेट पांढरी असेल, तर ती खासगी म्हणून नोंदलेली आहे. अशा गाडीतून भाड्याने नेताना अपघात झाला, तर अटींचा भंग झाला म्हणून विमा कंपनी हात वर करू पाहते. खासगी दुचाकीवर मागे बसणाऱ्याचा तर साध्या थर्ड पार्टी विम्यात समावेशच नसतो. दावा तरीही करता येतो, पण वाट अवघड होते. बसण्याआधी पाटीचा रंग पाहायला दोन सेकंद लागतात.

अॅप चालवणारी कंपनी 'आम्ही फक्त गाठ घालून देतो' असे म्हणते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा कंपन्यांना कायद्याने परवाना घ्यावा लागतो. तिलाही दाव्यात प्रतिवादी करता येईल का, हे वकिलाला विचारावे. अॅपमध्ये दाखवलेला चालक एक आणि आलेला दुसराच, असा सेवेतला दोष असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत वेगळी तक्रार करता येते.

आता वकिलाच्या खर्चाचे. महिला, मुले आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. रुग्णालयात फिरणाऱ्या आणि 'मिळेल त्यातले तीस टक्के द्या' म्हणणाऱ्या दलालांना दूर ठेवावे. भरपाईत वाटा ठरवून फी घेणे वकिलांना त्यांच्या नियमांनी मना आहे. बँकेचे खाते जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या नावाचे असावे.

शेवटी दोन शब्द चालक बांधवांसाठी, कारण हा अंक त्यांच्याही घरी वाचला जातो. विमा, परमिट, फिटनेस आणि लायसन्स यांच्या तारखा एका कागदावर लिहून घरात लावा. परमिट, फिटनेस किंवा लायसन्स संपलेले असेल, तर विमा कंपनी प्रवाशाला दिलेले पैसे पुढे गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते, आणि मालक पुष्कळदा तुम्हीच असता. मग खरोखरच घर विकायची पाळी येते. कागद चालू असतील, तर प्रवाशाला तिचा हक्क मिळतो आणि तुमचे घरही शाबूत राहते. चालकाबद्दल दया जरूर असावी. तिची किंमत मोडलेल्या हाताने मोजण्याची गरज नाही.