घर कोणाचें, हातोडा कोणाचा?

एखाद्या गांवच्या धर्मशाळेच्या कारभाऱ्यानें पंचांस न विचारतां तिची पूर्वेकडील ओवरी एका आठवड्यांत जमीनदोस्त केली, आणि पंच धांवत आले तेव्हां "काळजी नसावी, हिच्या जागीं याहून कितीतरी मोठा दिवाणखाना उठवितों, आणि गांवाला एक पैही पडणार नाहीं, पेठेंतील अमुक अमुक सावकार पैसा देत आहेत," असें उत्तर दिलें, तर पंचांनीं संतोष मानावा कीं जाब विचारावा? धर्मशाळा आमच्या कल्पनेंतील आहे; प्रश्न मात्र कल्पनेंतील नाहीं. सन २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेची राजधानी जें वॉशिंग्टन शहर, त्याच्या ऐन मध्यभागीं तो उभा राहिला, आणि त्यावर त्या देशांत मोठें वादळ उठलें.

व्हाइट हाउस हें अमेरिकेच्या अध्यक्षांचें राहतें घर, आणि त्यांची कचेरीही त्याच आवारांत. ३१ जुलै २०२५ रोजीं अध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांच्या कचेरीनें जाहीर केलें कीं, या घराच्या पूर्वेस मेजवान्या व समारंभ यांकरितां एक भव्य दालन बांधावयाचें आहे. क्षेत्रफळ ९०,००० चौरस फूट, बसण्याची सोय ६५० जणांची, खर्च सुमारें २० कोटि डॉलर. ज्या मूळ घराला हें दालन जोडावयाचें, त्याचें क्षेत्रफळ ५५,००० चौरस फुटांच्या आसपास आहे. बॉलरूम, म्हणजे नाचघर, असें नांव दिलेली ही पुरवणी मूळ ग्रंथाहून मोठी होणार हें तेव्हांच दिसत होतें. तथापि जुन्या इमारतीस धक्का लागणार नाहीं असें आश्वासन मिळाल्यामुळें पुष्कळांनीं मौन धरलें. २० ऑक्टोबर रोजीं पाडकामाचीं यंत्रें आलीं, आणि तो आठवडा संपण्यापूर्वीं 'ईस्ट विंग' या नांवानें ओळखला जाणारा पूर्वेकडील सबंध भाग नाहींसा झाला. खर्चाचा आंकडाही जागेवर राहिला नाहीं. ऑक्टोबरांत तो ३० कोटींवर गेला आणि डिसेंबरांत खुद्द अध्यक्षांच्या तोंडून ४० कोटि ऐकूं आला. कायदेमंडळांतील तंट्यामुळें १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारचा पुष्कळसा कारभार बंद होता, लक्षावधि सरकारी नोकरांचे पगार अडले होते. आणि त्याच दिवसांत हातोडा मात्र चालू होता.

या घरास कोणीं हातच लावूं नये, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. जुनें तेवढें पवित्र, हा न्याय आम्हांस घरच्या रूढींविषयीं मान्य नाहीं, तो परक्याच्या भिंतींविषयीं कां मान्य व्हावा? या वास्तूचा पाया १७९२ सालीं घातला गेला. नकाशा जेम्स होबन नांवाच्या आयरिश कारागिराचा. परंतु दगड फोडण्यास व भिंती उठविण्यास जे हात राबले त्यांत गुलामांचेही हात होते, ही गोष्ट त्या शुभ्र रंगाखालीं झांकून जाण्यासारखी नाहीं. १८०० सालीं अध्यक्ष जॉन ॲडम्स तेथें राहावयास आले. १८१४ सालीं ब्रिटिश फौजेनें तें जाळलें, आणि पुन्हां उभारल्यावर १८१७ सालीं अध्यक्ष मन्रो यांचें बिऱ्हाड तेथें आलें. १९०२ सालीं थिओडोर रूझवेल्ट यांनीं पश्चिमेस कचेरीची इमारत बांधविली. आज पाडलेली ईस्ट विंग तिच्या अखेरच्या रूपांत १९४२ सालची. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं ती महायुद्धाच्या धामधुमींत उठविली, आणि त्या वेळीं विरोधी पक्षानें तिलाही उधळपट्टीच म्हटलें होतें. तात्पर्य, हें घर प्रत्येक पिढीनें आपल्या गरजेप्रमाणें बदललें आहे.

नव्या दालनाची गरज मुळींच नाहीं, असेंही म्हणतां येत नाहीं. जुन्या घरांतील सर्वांत मोठें दालन जें ईस्ट रूम, त्यांत सुमारें दोनशे पाहुणे जेवावयास बसूं शकतात. परराष्ट्राचा प्रमुख आला, पाहुणे वाढले, म्हणजे हिरवळीवर तंबू ठोकून पंक्ति मांडाव्या लागत. एवढ्या मोठ्या राष्ट्राच्या अतिथींनीं तंबूंत जेवावें हें शोभत नाहीं, असें अध्यक्षांच्या पक्षाचें म्हणणें, आणि त्यांत तथ्य आहे. तेव्हां वाद दालन हवें कीं नको हा नाहीं. त्या घराचा मालक कोण, आणि त्याची संमति कोणत्या रीतीनें घ्यावयाची, हा आहे. या प्रश्नाचें उत्तर पाहूं जातां त्याच घराच्या इतिहासांतील एकाच अध्यक्षाच्या दोन गोष्टी आम्हांस फार बोधप्रद वाटतात.

हे अध्यक्ष म्हणजे हॅरी ट्रूमन. त्यांच्या मनांत आलें कीं, घराच्या दक्षिण बाजूस दुसऱ्या मजल्यावर एक सज्जा असावा. राजधानींतील बांधकामांच्या सौंदर्यावर सल्ला देणारा जो ललितकला आयोग, त्याच्या अध्यक्षांनीं विरोध केला; वर्तमानपत्रांनीं टीकेची झोड उठविली. ट्रूमन यांनीं कोणाचें ऐकलें नाहीं. खर्च सुमारें १६ हजार डॉलरांचा, आणि तो घरखर्चाच्या मंजूर रकमेंतून भागत होता. तेव्हां त्यांना कोणाच्या दारीं जाण्याचें कारणच पडलें नाहीं. १९४८ सालीं सज्जा झाला, आणि वीस डॉलरच्या नोटेवरील घराचें चित्रही त्याप्रमाणें बदलावें लागलें.

त्याच वर्षीं दुसरी गोष्ट घडली. अध्यक्षांच्या कन्येच्या पियानोचा पाय खालच्या जमिनींत घुसला. इंजिनियरांनीं तपास केला तेव्हां आढळलें कीं, तुळया कमकुवत झाल्या आहेत, भिंती खचत आहेत, आणि सबंध घर केवळ संवयीनें उभें आहे. ट्रूमन कुटुंबासह समोरच्या ब्लेअर हाउसमध्यें राहावयास गेले. आतां काम सज्ज्याएवढें लहान नव्हतें. पैसा काँग्रेसनेंच, म्हणजे तेथील कायदेमंडळानेंच, द्यावयास हवा होता. १९४९ सालीं काँग्रेसनें कायदा करून सहा जणांची समिति नेमली. दोन वरिष्ठ सभागृहाचे, दोन कनिष्ठ सभागृहाचे आणि दोन अध्यक्षांनीं निवडलेले. ५४ लक्ष डॉलर मंजूर झाले. सगळें पाडून नवें बांधावें कीं काय, याचाही विचार झाला. परंतु बाहेरच्या जुन्या भिंती राखून आंत पोलादी सांगाडा उभारावा असें ठरलें. भिंतीला मोठें भगदाड पाडावयाचें नाहीं, म्हणून माती उपसणारें यंत्रसुद्धां सुटे भाग करून आंत नेलें आणि तेथें पुन्हां जोडलें! आंतील पुष्कळसें जुनें सामान त्या कामांत कायमचें गेलें, ही उणीव आम्ही लपवीत नाहीं. परंतु काय राहिलें, काय गेलें आणि कां गेलें, हें सर्व लोकप्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत झालें. २७ मार्च १९५२ रोजीं अध्यक्ष परत राहावयास आले.

मनुष्य तोच, घर तेंच. मग एका कामांत हट्ट आणि दुसऱ्यांत मर्यादा, हा फरक कशानें पडला? ट्रूमन यांचा स्वभाव एका वर्षांत बदलला असें कोणी म्हणणार नाहीं. फरक पडला तो पैशाच्या वाटेनें. सज्ज्याला कोणाची थैली उघडावी लागली नाहीं, म्हणून कोणाची संमतिही लागली नाहीं. मोठ्या कामाला लोकांची थैली उघडावी लागली, आणि थैलीच्या गांठीबरोबर लोकांचा होकारही मिळवावा लागला. प्रजेच्या हातीं राज्यकर्त्यास आवरण्याचीं साधनें फार थोडीं असतात, आणि त्यांतील सर्वांत जुनें व सर्वांत खात्रीचें साधन हेंच कीं, पैसा हवा असेल तर त्यानें मागावयास यावें आणि कारण सांगावें.

आतां "करदात्याला एक पैही पडणार नाहीं," या वचनाची किंमत करूं. हें वचन ऐकून पुष्कळ भाबड्यांस समाधान झालें. आमचे व्यापारी वाचक इतके भाबडे नाहींत. उधारी व देणगी या दोहोंचीं खातीं निराळीं असलीं, तरी दोहोंतही नांव लिहिलें जातें, हें ते जाणतात. देणगीदारांची जी यादी ऑक्टोबरांत प्रसिद्ध झाली तींत गूगल, ॲपल, ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट, लॉकहीड मार्टिन अशीं नांवें आहेत. लॉकहीड मार्टिन ही युद्धसामग्रीची कंपनी; तिचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक अमेरिकन सरकार. गूगल, ॲपल, ॲमेझॉन व मेटा यांजवर मक्तेदारीच्या आरोपावरून सरकारनेंच दावे गुदरले होते. यूट्यूबची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. आपलें खातें बंद केल्याबद्दल ट्रंप यांनीं तिजवर जी फिर्याद केली होती, तिची तडजोड सप्टेंबर २०२५ मध्यें झाली, आणि त्या रकमेपैकीं २ कोटि २० लक्ष डॉलर याच दालनासाठीं ठरले.

कोणी लांच दिली वा घेतली, असा आरोप आम्ही करीत नाहीं. तसा पुरावा आमच्यापुढें नाहीं, आणि पुराव्यावांचून बोलणें हा आमचा धर्म नव्हे. आमचा आक्षेप याहून साधा आहे. न्यायाधीशाच्या घराचें छप्पर पक्षकारांनीं वर्गणी करून शाकारलें, तर निकाल कितीही निर्मळ असला तरी गांव त्यावर विश्वास ठेवीत नाहीं. आणि दुसरा आक्षेप त्याहूनही महत्त्वाचा आहे. देणगीनें लोकांचा पैसा वांचला असें म्हणतात. आम्ही म्हणतों, देणगीनें लोकांस विचारण्याचें कारण वांचलें. जी थैलीची गांठ ट्रूमन यांस काँग्रेसच्या दारीं घेऊन गेली, ती येथें बाहेरच्या बाहेर सुटली. प्रजेला जें फुकट मिळालेलें दिसतें, त्याची किंमत तिनें आपल्या अधिकारांत मोजली आहे.

कोणी विचारील कीं, पैसा कोठूनही येवो, जुन्या वास्तूंचें रक्षण करणारा कायदा तेथें नाहीं काय? आहे, आणि तो चांगला आहे. परंतु १९६६ सालच्या त्या कायद्यांतून व्हाइट हाउस, कायदेमंडळाचें भवन व सर्वोच्च न्यायालय हीं तीन स्थानें मुद्दाम वगळलीं आहेत. सामान्य सरकारी इमारतीस जें संरक्षण, तें राष्ट्राच्या पहिल्या घरास नाहीं! राजधानीच्या बांधकामांवर देखरेख करणारा नियोजन आयोग आहे. पण आमचा अधिकार बांधण्यावर, पाडण्यावर नव्हे, अशी भूमिका त्याच्या अध्यक्षांनीं घेतली. जणूं काय पाडून झाल्यावर बांधण्यास नकार देण्याची सोय कोणास उरते! ललितकला आयोगाच्या सहा सभासदांस २८ ऑक्टोबर रोजीं दूर करण्यांत आलें. शेवटीं ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणासाठीं १९४९ सालीं काँग्रेसच्या सनदेनें स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेनें १२ डिसेंबर २०२५ रोजीं न्यायालयांत धांव घेतली. त्या दाव्याचा निकाल कोणत्याही बाजूनें लागो, पाडलेली भिंत निकालानें परत येत नाहीं.

कायद्यांत ही फट कां राहिली? कारण, ती करणारांचा असा समज होता कीं, त्या घरांत जो राहील तो आपण होऊनच मर्यादा पाळील. दीर्घकाळ बहुधा तसें झालेंही. परंतु जो नियम केवळ राहणाराच्या सौजन्यावर उभा आहे, तो नियम नव्हे, ती कृपा होय. आमच्या देशांत राजेरजवाड्यांच्या अमलाखालीं पिढ्यान् पिढ्या काढलेल्या लोकांस कृपा व हक्क यांतील अंतर नव्यानें शिकवावयास नको. चांगला धनी आला म्हणजे सुख, वाईट आला म्हणजे दुःख, ही स्थिति संपावी म्हणूनच लोकसत्ता पाहिजे होती. आणि चार वर्षांच्या करारानें आलेला भाडेकरी घराचा कोनाडाही स्वतःच्या मर्जीनें फोडूं शकत असेल, तर घरमालक असें नांव लावून प्रजेनें काय मिळविलें? ज्या दारानें सामान्य प्रेक्षक हें घर पाहावयास आंत जात, तें दार याच पाडलेल्या भागांत होतें, ही गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं.

यावर उपाय अवघड नाहीं. १९६६ च्या कायद्यांतील अपवाद काँग्रेसनें काढून टाकावा, निदान पाडकामापूर्वीं नकाशा प्रसिद्ध करून लोकांचें म्हणणें ऐकण्याची अट घालावी. सरकारशीं ज्यांचा दावा अथवा ठेका चालू आहे, त्यांजकडून राज्यकर्त्याच्या निवासासाठीं देणगी घेणें बंद करावें. आणि जी देणगी घ्यावयाची ती रकमेसह चव्हाट्यावर मांडावी. मोठ्या कामास १९४९ प्रमाणें दोन्ही सभागृहांची समिति असावी. एवढें केल्यावर दालन ९०,००० फुटांचें ठरो वा त्याच्या दुप्पट ठरो, आमची तक्रार नाहीं. ती मालकाची आवड झाली.

वाचक म्हणतील, सातां समुद्रांपलीकडच्या घराची ही उठाठेव कशाला? उठाठेव अशासाठीं कीं, हातोड्याला देश नसतो. आपल्याही शहरांत जुनी मंडई, नगरवाचनालय, नदीचा घाट, शाळेची इमारत यांच्यावर केव्हां तरी फलक लागतो, आणि कोणी तरी उदार गृहस्थ सर्व खर्च सोसण्यास पुढें येतो. त्या दिवशीं आभाराचा ठराव मांडण्यापूर्वीं सभेंत उभें राहून विचारावें: नकाशा कोणीं पाहिला, पैसा देणाराचें या नगरींत काय काम अडलें आहे, आणि आमचा होकार कोणत्या तारखेस घेतला? हे प्रश्न विचारणाऱ्यास चार लोक विघ्नसंतोषी म्हणतील. म्हणोत. भिंत उभी आहे तोंपर्यंतच ते विचारण्याचा उपयोग आहे.