पक्षाघाताचा शिक्षक अंबरनाथला हवा

मेंदूविकारतज्ज्ञाची कारकीर्द आपण त्याच्या ओपीडीबाहेरच्या रांगेवरून मोजतो. पक्षाघाताच्या बाबतीत हे माप चुकते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांत दिले तर अपंगत्व टळू शकते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने दाखवले. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांवर नेली. इंजेक्शन देण्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅनमध्ये पाहावेच लागते. म्हणजे बदलापुरात कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर त्याचे पुढचे आयुष्य नामवंत तज्ज्ञाच्या हाती नसते. ते रात्रपाळीच्या कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या हाती असते. त्याला कोणी शिकवले, हा खरा प्रश्न.

मुंबईत या शिकवण्याची परंपरा जुनी आहे. डॉ. नोशीर वाडिया लंडनहून परतले आणि १९५७ मध्ये त्यांनी जे. जे. रुग्णालयात मेंदूविकार विभाग सुरू केला. खासगी प्रॅक्टिसचा मोठा लौकिक असूनही त्यांचे नाव आज निघते ते शिक्षक आणि संशोधक म्हणून. पण जे. जे.चे भायखळा बदलापूरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. ‘मुंबईला हलवा’ हा सल्ला आजही सर्रास दिला जातो, आणि कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत साडेचारातले किती तास उरतात, हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक असते. घरी ‘जरा पडलं की बरं वाटेल’ म्हणत गेलेला वेळ तर वेगळाच. दुसरीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये बदलापूरशेजारच्या अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले आणि एमबीबीएसच्या १०० जागा आल्या. या मुलांना पक्षाघात पुस्तकात भेटणार की पेशंटच्या खाटेशी, हे आत्ताच ठरवायला हवे.

तज्ज्ञ इकडे येणार नाहीत, हा आक्षेप खरा आहे. मुंबईतली कमाई सोडून पूर्णवेळ कोण येईल? पण दहा तज्ज्ञ लागतच नाहीत. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतल्या फिजिशियननी थोड्या प्रशिक्षणानंतर, स्कॅनचे फोटो फोनवर तज्ज्ञाला दाखवून हे इंजेक्शन दिले. डोंगरात जमले ते लोकलच्या मार्गावर जमू नये, असे कारण दिसत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: धोक्याचा. १९९५ च्या चाचणीत औषध दिलेल्या शंभरांतल्या सुमारे सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत तो एक टक्क्याहूनही कमी होता. तरीही तीन महिन्यांनंतर औषध घेतलेल्यांत मृत्यू वाढले नव्हते आणि जवळपास पूर्ण बरे झालेले अधिक होते. तरुण डॉक्टरची भीती अनाठायी नाही. मात्र ती व्याख्यानाने जात नाही, कोणाला द्यायचे नाही हे जाणत्याच्या शेजारी उभे राहून दहा वेळा पाहिल्यावर जाते. गुठळी तारेने ओढून काढण्याची सोय मुंबईतच राहिली तरी चालेल, पण तिथे कोणाला पाठवायचे हेही इथल्याच डॉक्टरने ओळखायचे आहे.

म्हणून अंबरनाथला मेंदूविकाराच्या अध्यापकाचे एक पद द्यावे, त्याच्या वेळापत्रकात उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाची कॅज्युअल्टी आणि १०८ रुग्णवाहिकेचे कर्मचारी असावेत, आणि त्याच्या कामाचा हिशेब केसपेपरांच्या गठ्ठ्यावरून न करता पेशंट दारात आल्यापासून सीटीपर्यंत किती मिनिटे गेली यावरून करावा.